डावीकडचा स्पीकर

१२ मार्च, गुरुवार

जाणार. ठरलं!

डॉक्टरीणबाईंनी आज हो म्हटलं, पण कपाळाला आठ्या घालून. सहावा महिना संपत आलाय, रक्तदाब ठीक, बाळ ठीक. अटी मात्र चार – मोठ्या स्पीकरांच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, तासातासाने सावलीत जाऊन पाय वर करून बसायचं, पाणी पीत राहायचं, वजन उचलायचं नाही. मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. गेली अकरा वर्षं या संगीत महोत्सवाला कामाला जाते, पण स्पीकरांच्या पुढ्यात एकदाही उभी राहिलेली नाही. माझी जागा स्टेजच्या कडेला, काळ्या पडद्याआड. समोरच्या लोकांना काय ऐकू येतं ते मास्तर, आमच्या आवाजाच्या चमूचे मुख्य, बघतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या पायाशी दोन छोटे स्पीकर असतात, त्यांतून त्यांना स्वतःचा आवाज कसा ऐकू येतो ते मी बघते. सगळं नीट झालं तर मी तिथे आहे हेही कोणाला कळत नाही. बिघडलं तर गाणारा पहिला माझ्याकडे बघतो, आणि त्या नजरेने माणसाचं पाणी पाणी होतं.

एक गोष्ट डॉक्टरीणबाईंना सांगितली नाही. डावा कान. तो काही त्यांचा विषय नव्हे, अशी मनाची समजूत घातली. दोन महिने झाले. डाव्या कानाला फोन लावला की पलीकडचा माणूस रजईत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. मळ असेल, सर्दी असेल. मळ काढून झाला. सर्दी नाहीये.

१३ मार्च, शुक्रवार

दुपारी उजव्या कुशीवर पडले की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद होते. घड्याळ चालू असतं.

१५ मार्च, रविवार

आई आली. दोन पिशव्या, एक छत्री आणि स्वतःची उशी. महोत्सवाचे तीन दिवस गोटीला तीच सांभाळणार. नवऱ्याला सुट्टी नाही – छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची घाई, मालक फक्त रविवारी सोडणार. गोटी साडेचार वर्षांची. तिला घरी ठेवून जावं तर रडून घर डोक्यावर घेईल, आणि नेऊन स्टेजमागे मोकळी सोडावी तर वायरी ओढील. म्हणून आजी.

आईला बोलावताना मी तीनदा विचार केला. भांडण असं कधीच नव्हतं आमचं. भांडायला दोघींनी एकमेकींचं ऐकावं लागतं. आई ऐकत नाही. बोलावं तर 'हं, हं' करते, मान हलवते, आणि भलत्याच विषयावर जाते. आजही स्वयंपाकघरात मी तिला पोटाबद्दल, पायांच्या सुजेबद्दल सांगत होते. माझं सांगून संपलं तशी ती वळली आणि हळूच म्हणाली, "पडदे धुवायला टाकू का?"

सहावीत शाळेच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली आले होते. घरी येऊन तेच गाणं आईला म्हणून दाखवलं. ती पाठमोरी भांडी घासत होती. दोन्ही कडवी झाली. वळलीसुद्धा नाही. मी दप्तर ठेवलं आणि त्यानंतर गायले नाही. पुढे दुसऱ्यांचं गाणं नीट ऐकू जावं याचीच नोकरी धरली. नवरा म्हणतो, तू अजून त्या सहावीतच बसलीयेस. बसलेय तर बसलेय.

१८ मार्च, बुधवार

पकडली गेले. तीही साडेचार वर्षांच्या पोरीकडून.

गोटी मांडीवर चढायला बघत होती. मांडी आता उरली आहे कुठे. मग शेजारी उभी राहून गळ्यात हात टाकून तिने माझ्या कानात गुपित सांगितलं. डाव्या कानात. गरम श्वास लागला, गुदगुल्या झाल्या, बाकी काही नाही. मी आपली डोळे मोठे करून "अय्या, खरंच?" म्हटलं.

"मग मी काय सांगितलं?"

मी हसले. ती हसली नाही. "तू या कानात ऐकत नाहीस. मी काल पण सांगितलं होतं. काल पण तू अय्या म्हणालीस."

उजवा कान पुढे केला. गुपित असं होतं की तिने बाळासाठी गादीखाली अर्धं बिस्किट ठेवलंय. मी तिला म्हटलं, आता आपलं आणखी एक गुपित – कानाचं कोणाला सांगायचं नाही. बाबाला नाही, आजीला नाही, मास्तरआजोबांना तर मुळीच नाही. तिने बोट ओठांवर ठेवलं. पोरीला खोटं बोलायला शिकवतेय. छान.

पण सांगू कोणाला, आणि सांगून काय? माझं सगळं पोट या दोन कानांवर चालतं. हात मोडला तर लोक विचारपूस करतात. आवाजाच्या माणसाचा कान गेला तर लोक दुसरा माणूस शोधतात. मास्तरांनीच कितीतरी जणांना गोड बोलून गोदामात बसवलेलं मी पाहिलं आहे.

१९ मार्च, गुरुवार

मैदानावर. उद्यापासून तीन दिवस, रोज सकाळी दहा ते ऊन उतरेपर्यंत.

मास्तरांनी काय करावं! स्टेजच्या कडेला माझ्या टेबलाभोवती जमिनीवर पिवळ्या पट्टीने चौकोन आखला. "पोरी, या चौकोनाबाहेर पाय टाकायचा नाहीस. पलीकडे मोठ्या स्पीकरांचा दणका आहे. तुला झेपेल, त्याला झेपणार नाही." त्याला म्हणजे पोटातल्याला. मग खुर्ची आली, खुर्चीवर उशी, पायाखाली रिकामी पेटी. कोणी मला साधी वायर उचलू देईना. दिवेवाला येऊन विचारून गेला, स्टेजचे जिने बांधणारे विचारून गेले. सगळं मैदान माझ्या पोटाकडे बघतंय. कानाकडे कोण बघतो?

गोटीला मोठे निळे कर्णरक्षक आणले आहेत – दोन वाट्यांचे, डोक्यावरून घालायचे. ते घातले की फक्त डोळे आणि नाक उरतं. आईसाठीही एक जोड आणला होता. तिने हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "मला नको. मला काही होत नाही."

संध्याकाळी चष्मेवालीने माझ्यासाठी सगळी जोडणी केली. चष्मेवाली माझी मदतनीस, गेल्या वर्षी आली. हुशार आहे. बाळंतपणाच्या रजेत माझी खुर्ची तीच सांभाळणार. मला ती आवडते, म्हणून आणखीच भीती वाटते.

२० मार्च, शुक्रवार

आज जे केलं ते या धंद्यात नवखासुद्धा करत नाही.

सकाळी बाईंच्या गाण्याआधीची आवाजाची चाचणी होती. बाई म्हणजे या महोत्सवाच्या सगळ्यांत जुन्या गायिका. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी त्यांचं गाणं असतंच. माझी पद्धत अशी की कलाकार येण्याआधी आपण स्वतः त्याच्या जागेवर उभं राहायचं आणि त्याच्या कानांनी ऐकायचं. मास्तरांची परवानगी काढून चौकोन सोडला, बाईंच्या जागी उभी राहिले. डावा स्पीकर मंद वाटला. वाढवला. अजून मंद. अजून वाढवला. दोन्ही सारखे झाले तेव्हा समाधानाने टेबलापाशी परतले.

सारखे झाले ते माझ्यासाठी. बाईंचे दोन्ही कान ठणठणीत आहेत.

अकराला गाणं सुरू झालं. पहिल्या पाच मिनिटांत बाई एक वीत उजवीकडे सरकल्या. मग आणखी एक वीत. डावीकडून त्यांचाच आवाज त्यांच्या अंगावर येत होता आणि त्या बिचाऱ्या गाता गाता पळत होत्या. माइक एकीकडे, बाई दुसरीकडे. अर्ध्या तासाने अशी वेळ आली की त्या पियानोवाल्याच्या मांडीवर बसतात की काय. पियानोवाला वाजवता वाजवता स्टुलाच्या टोकावर. आणि मी बघतेय! बघतेय आणि समजत नाहीये. मला वाटतंय, बाईंना ऊन लागतंय.

चष्मेवालीने मागून हात घालून डावा आवाज खाली आणला. बाई हळूहळू जागेवर आल्या.

मध्यंतरात मास्तर आले. "काय झालं गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चक्कर आल्यासारखं झालं." पुढे बोलायची गरजच पडली नाही. लिंबूपाणी आलं, पंखा आला, कोणीतरी ओला रुमाल आणला. बाईंनी स्वतः माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं मुली, असं होतंच या दिवसांत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटातल्या जिवाचा जन्म व्हायचाय अजून, आणि त्याच्या नावावर पहिलं खोटं मी आजच खपवलं.

२१ मार्च, शनिवार

आज वाद्यांचे कार्यक्रम. चष्मेवाली म्हणाली, "ताई, तुम्ही बसा, मी जागेवर उभी राहून बघते." बसले. तिने सांगितलं तसं बोटं फिरवली. काही बिघडलं नाही. पण आंधळ्याने दुसऱ्याच्या हाताने रस्ता ओलांडावा तसा दिवस गेला.

एक बरं दिसलं ते लिहून ठेवते. आई खुशीत आहे! दुपारी सावलीतल्या आडोशाला पाय वर करून बसले होते. समोर ढोल चालू, मागे जनरेटर, खाण्याच्या तंबूंपाशी माणसांची ही गर्दी. आणि आई गोटीशी, शेजारच्या एका बाळंतिणीशी, चहावाल्याशी गप्पा मारतेय. त्या बाळंतिणीचं दोन महिन्यांचं मूल असल्या गोंगाटात डाराडूर झोपलेलं. आई तिला बाळाच्या कानांवर दुपटं कसं दुहेरी घ्यायचं ते दाखवत होती. मी काहीतरी विचारलं तर चटकन वळून बरोबर उत्तर. घरात दहा हाका माराव्या लागतात, आणि इथे पहिल्या हाकेला ओ! माणसात रमते म्हणजे बाई. आमच्यातच रमत नाही.

गोटी कर्णरक्षक घालून गवतावर झोपली. उठल्यावर म्हणाली, आजीने मला गाणं म्हणून दाखवलं. मी म्हटलं, तुझे कान तर बंद होते. "तरी पण म्हणाली."

दुपारच्या चहाला मास्तर बोलता बोलता म्हणाले, "पुढचा हंगाम मोठा आहे. रजेनंतर तू येणार ना नक्की? तसं असेल तर चष्मेवालीला दुसरीकडे देतो." मी म्हटलं, येणार. मग तोंड फिरवून बिस्किट खात बसले.

२२ मार्च, रविवार

सांगितलं. आधी चष्मेवालीला, मग मास्तरांना. क्रमाने लिहिते.

सकाळी बाईंच्या चाचणीआधी चष्मेवालीला पडद्याआड घेतलं. "मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. शुक्रवारी चक्कर आली नव्हती. आज बाईंच्या जागी तू उभी राहा, आणि गाणं चालू असताना माझ्या उजव्या बाजूला बस." ती म्हणाली, "मला शुक्रवारीच कळलं होतं, ताई. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." एवढंच. या पोरीला मी मनात प्रतिस्पर्धी म्हणत होते. लाज वाटली.

बाई गायल्या. दीड तास. एक बोटही जागेवरून हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी डोळे मिटले तेव्हा समोर हजारभर माणसं, कडेवर पोरं घेतलेली, खांद्यावर पोरं बसवलेली, आणि एक आवाज नाही. पोटातलं फिरलं, सावकाश, झोपेत कूस बदलल्यासारखं. मी उजव्या कानाने सगळं ऐकलं. पुढच्या वर्षी इथे बसायला मिळेल की नाही ते माहीत नव्हतं, म्हणून जरा जास्तच ऐकलं.

ऊन उतरताना वायरी गुंडाळणं चाललं होतं. मला मनाई, म्हणून मी पेटीवर बसून बोटांनी दाखवत होते. मास्तर शेजारी टेकले. नेमके डाव्या बाजूला. मी उठून पलीकडे बसले आणि सगळं सांगून टाकलं. शुक्रवारच्या खोट्यासकट.

त्यांनी हातातली वायर पूर्ण गुंडाळली, गाठ मारली. "कान आधी दाखव. मग खुर्चीचं बोलू." रागावले नाहीत. त्याची जास्त भीती वाटली.

नवरा दुपारीच आला होता. परत येताना बसमध्ये त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तरी म्हटलं, हल्ली तू इतकी हळू का बोलतेस." आई खिडकीपाशी गोटीला घेऊन झोपली होती.

२३ मार्च, सोमवार

दिवसभर झोपले. गादीखालच्या बिस्किटाला मुंग्या.

२६ मार्च, गुरुवार

कानाचे डॉक्टर. गोटी मागे राहायला तयार नाही आणि आईला गोटीशिवाय करमत नाही, म्हणून सगळी वरात तपासणीच्या खोलीत. भिंतींना जाड कापड, टाचणी पडेल तर ऐकू यावी अशी शांतता. डॉक्टर वयस्कर, पुटपुटल्यासारखं बोलणारे.

त्यांनी दोन दात्यांचा पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवली. "कुठल्या कानात वाजतोय?" मला हसूच आलं. डाव्या! बिघडलेल्याच कानात, घंटेसारखा. डॉक्टर म्हणाले, म्हणजे आतली नस चांगली आहे. बाहेरचा आवाज आत पोचवणारं एक हाड आहे, तांदळाच्या दाण्याहून लहान, ते जाम झालंय. माझ्या भाषेत – वायर शाबूत, स्पीकर अडकलाय. बाळंतपणानंतर छोटी शस्त्रक्रिया करता येईल. त्या हाडाच्या जागी दुसरा बारीक तुकडा बसवतात. बहुतेकांना पुष्कळ ऐकू येतं. वचन देत नाही, म्हणाले, पण आशा ठेवा.

मी विचारलं, कशाने झालं? मोठ्या आवाजात काम करते म्हणून?

"आवाजाने नाही. हे मुळातच असतं. बायकांमध्ये पुष्कळदा गरोदरपणात वाढतं. सुरुवात कदाचित पहिल्याच वेळी झाली असेल, दुसऱ्यात जाणवलं."

म्हणजे शुक्रवारचा दोष मी पोटावर ढकलला, ते तसं खोटं नव्हतंच. गंमत आहे.

मग ते म्हणाले की अशी माणसं हळू बोलतात, कारण स्वतःचा आवाज त्यांना आतून मोठा ऐकू येतो. आणि शांत खोलीपेक्षा गोंगाटात त्यांना जास्त बरं ऐकू येतं. "घरात आणखी कोणाला आहे?" नाही, मी म्हटलं. आई भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होती. तिला असल्या गोष्टींत रस नसतो.

बाहेर आल्यावर गोटीने माझं बोट ओढलं. वाकायला लावलं, उजव्या बाजूला आली.

"बाळाने तुझा कान खाल्ला?"

"खाल्ला नाही गं. जरा अडकला आहे. नीट होणार आहे."

"मी पोटात होते तेव्हा मी पण खाल्ला?"

"नाही. तुझ्या वेळी काहीच झालं नाही."

पटकन म्हटलं. विचार करायला थांबलेच नाही. खरं काय ते डॉक्टरांनी पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. पण हे तिला कधीच कळू द्यायचं नाही, ती म्हातारी झाली तरी नाही.

२७ मार्च, शुक्रवार

मास्तरांचा फोन. उजव्या कानाला लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग दुरुस्तीला टाकलाय असं म्हण की. गेला कुठे? चष्मेवालीला तुझी खुर्ची उबवायला सांगतो. पण पोरी, पुन्हा चक्कर आली असं सांगितलंस तर गोदामात बसवीन." फोन ठेवला आणि पोटभर रडले. नंतर खूप भूक लागली.

गोटी मात्र बाळावर रागावली आहे. पोटाशी तोंड नेऊन त्याला दम देते. गादीखालची नवीन बिस्किटं बंद.

२८ मार्च, शनिवार

सकाळी गोटीने आजीला सांगून टाकलं. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून, एकेक शब्द मोठ्याने – बाळाने आईचा कान खाल्ला. आई भाजी निवडत होती. सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"डावा का?"

हो म्हटलं.

"माझाही आधी डावाच गेला. तुझ्या वेळी. तुझ्या धाकट्या भावाच्या वेळी उजवा."

छत्तीस वर्षं. माझे बाबा सोडून कोणाला माहीत नव्हतं. आणि कानांवर पोट भरणाऱ्या मला घरातल्या घरात कळलं नाही! मी विचारलं, मला का नाही सांगितलंस गं?

"काय सांगायचं? तुझ्यामुळे गेला म्हणून?"

तिच्या शेजारी जाऊन बसले, उजव्या बाजूला. मग लक्षात आलं, तिकडेही काही नाही. उठले आणि ओठ दिसतील अशी तिच्या समोर बसले.